सालपट ओढायचं नाही, कापायचं

पाच किलो मिरचीची चटणी हातानं कालवताना नखाच्या कडेला सालपट निघालेलं असलं तर काय होतं, हे ज्यानं सोसलंय त्याला पुढचं फार समजावून सांगावं लागणार नाही. बाकीच्यांसाठी लिहिते.

कोल्हापुरात चटणी म्हटलं की कांदा-लसूण घालून वर्षाची करून ठेवायची ती. बाहेरचे तिला मसाला म्हणतात. शिवाजी पेठेत माझी मेस आहे, रोज चाळीसेक डबे जातात. त्यामुळं एप्रिल उजाडला की घरची, मेसची आणि पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांची अशी तिहेरी चटणी असते. लक्ष्मीपुरीतून मिरची आणायची, रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. देठं खुडायची, गच्चीवर वाळवायची, डंकावर कुटून आणायची, मग परातीत कांदा-लसणाचं वाटण आणि मीठ घालून कालवायची. आता हेच बोटांच्या बाजूनं बघा. आधी देठांची टोकं, मग लसणाची सालं, मग मीठ, आणि शेवटी तिखट.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी उजव्या हाताच्या मधल्या बोटाला, नखाच्या कडेला, एवढंसं सालपट उभं राहिलं होतं. पातळ, वाळकं, शेंगदाण्याच्या तांबड्या सालीसारखं. पदरात अडकायचं, केसात अडकायचं. हात रिकामे नव्हते म्हणून दातात धरलं आणि ओढलं. वरचं मेलेलं कातडं निघालंच, पण खाली पेराकडं जिवंत कातडीची एक रेघही सोबत घेऊन गेलं. रक्ताचा टिपूस आला. पदराला पुसला आणि परातीत हात घातला.

ती आग संध्याकाळपर्यंत उतरली. तिसऱ्या दिवशी नखुरडं आलं. नखाची कड लाल, टम्म, बोट टेकवेना, आणि रात्री ठणका असा की हात उशीवर उंच ठेवून बसून राहिले.

सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी कुणालाही न विचारता लिंबाला भोक पाडलं आणि माझं बोट त्यात खुपसलं. हा उपाय तुमच्याही घरी कुणीतरी केलेला असणार. गार लिंबानं पहिली दहा मिनिटं बरं वाटतं हे खरं, आणि लिंबू घातलेल्या बोटानं बाईला काम करता येत नाही, त्यामुळं बोटाला विश्रांती मिळते, हा माझ्या मते त्यातला मोठा गुण. पण कातडी फाटलेली असली की लिंबाचं आम्ल त्या चिरेत उतरतं आणि आधीच चिडलेली जागा आणखी चिडते. वर रस लागलेला हात घेऊन उन्हात मिरची हलवायला गेलात तर कातडीवर काळपट डाग उठतात, ते आठवडेच्या आठवडे जात नाहीत. सासूबाईंचा मान ठेवून सांगते, फाटलेल्या कातडीला लिंबू लावू नका.

चौथ्या दिवशी नखाच्या कडेला पिवळा ठिपका दिसला तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. जाताना वरून हळद थापली होती. त्यांनी बोट बघितलं आणि म्हणाल्या, "काकू, ही आधी धुवून या. पिवळ्यावर लाल कुठवर पसरलंय ते मला दिसत नाही." हळदीबद्दल इतकं साधं मला कधी सुचलं नव्हतं. बोट धुऊन आले. त्यांनी नखाची कड अलगद उचलली, पू बाहेर आला, आणि त्या क्षणी ठणका निम्मा झाला.

नखाचा दादरा

बाईंनी मला चिठ्ठीच्या मागं नख काढून दाखवलं. ते मी आपल्या भाषेत सांगते.

चटणीच्या बरणीला आपण दादरा बांधतो ना? का, तर आत ओल जाऊ नये म्हणून. एकदा ओला चमचा गेला की वरच्या थराला बुरशी आलीच. नख जिथं बोटात शिरतं तिथं बुडाशी एक पातळ, पांढरट, नखाला चिकटून बसलेली कडा असते. पार्लरवाल्या तिला क्यूटिकल म्हणतात. ती म्हणजे नखाचा दादरा. नख आणि कातडी यांच्या मधली फट बंद ठेवायची, एवढंच तिचं काम. ती कापली, खरवडली, की पाणी, साबण, जंतू सगळे थेट नखाच्या मुळाशी.

सालपट मात्र नखाचं नसतं, क्यूटिकलचंही नसतं. ते नखाच्या दोन्ही बाजूंच्या मऊ कातडीचं असतं. दिवसभर पाण्यात हात, मग साबण, मग पुन्हा पाणी. कातडीतला स्निग्धपणा धुऊन निघतो, पाण्यानं ती फुगते, वाळली की आखडते, आणि कड चिरते. वरचा मेलेला थर सुटून उभा राहतो, पण त्याचं बूड अजून जिवंत कातडीत रुतलेलं असतं. म्हणून ओढलं की मेलेल्याबरोबर जिवंतही येतं. थंडीत हवाच कोरडी, तेव्हा हे जास्त होतं. नखं कुरतडणाऱ्यांना बाराही महिने.

कसं कापायचं

घाई नको. पाच मिनिटं पुरतात, पण ती पाच मिनिटं द्या.

वाटीत कोमट पाणी, त्यात साबणाचा थोडा फेस. बोट तीन-चार मिनिटं बुडवून ठेवा. वाळलेलं सालपट टणक असतं, तसंच कापायला गेलं तर कात्रीच्या तोंडात वळतं आणि ओढलं जातं. भिजलं की साबुदाण्यासारखं पांढरं, मऊ होतं आणि नेमकं कुठून सुटलंय ते दिसतं. हात टिपून घ्या, चोळू नका.

कात्री लहान, टोकदार आणि धारेची हवी. कणीक लागलेली, दुधाच्या पिशव्या कापायची स्वयंपाकघरातली कात्री नको. नेलकटरही चालतो, पण घरात सगळ्यांना मिळून एकच नेलकटर असतो, किल्ल्यांच्या जुडग्यात लटकलेला, त्यानंच नवऱ्याच्या पायाची नखं निघालेली असतात. तो आधी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा आणि वाळू द्या. स्टीलची कात्री असेल तर पाण्यात दहा मिनिटं उकळली तरी चालते.

आता उजेडात बसा. चष्मा असेल तर लावा. मी न लावता एकदा चांगलं कातडं कापलंय. सालपट बोटांनी वर ओढून धरू नका, कात्रीच्या टोकानं नुसतं उभं करा. कात्री कातडीला समांतर धरा आणि बुडाशी एकाच चापात कापा. अगदी खोल जायचं नाही, केसभर बूड राहिलं तरी बिघडत नाही, ते आपोआप झिजतं. ओढ बसतेय असं वाटलं की थांबा, पुन्हा भिजवा. दोन सालपटं शेजारी शेजारी असतील तर दोन्ही वेगवेगळी कापा. एक कापताना दुसरं ओढलं जाऊन फाटतं, हा माझा अनुभव.

कापल्यावर त्या जागी व्हॅसलीनचा ठिपका. कातडी उघडी पडली असेल, रक्त आलं असेल, तर साबण-पाण्यानं धुऊन व्हॅसलीन लावा आणि वरून पट्टी. पट्टी करकचून नको, बोटाचं टोक पांढरं पडता कामा नये. ओली झाली की बदला. ओल्या पट्टीखाली कातडी फुगते आणि आपण होतो तिथंच येतो.

पाण्यानंतर तेल, दर वेळी

माझ्या माहेरी म्हशी होत्या. वडील धार काढायला बसण्याआधी बोटांना खोबरेल चोळायचे, नखांच्या कडांना जरा जास्तच. सालपट सडाला टोचलं की म्हैस लाथ मारते, म्हणायचे. त्यांची बोटं म्हातारपणापर्यंत गुळगुळीत होती. मी ते रोज बघत होते आणि शिकले मात्र पन्नाशीत.

महागड्या क्रीमची गरज नाही. व्हॅसलीन, खोबरेल, नाहीतर कोकमाचं तेल. ते घट्ट गोळ्यासारखं असतं, टाचांच्या भेगांना लावतात तेच. माझी जाऊ फोंडा घाट उतरून माहेरी जाते तेव्हा येताना घेऊन येते. गोळा तळहातात धरला की उबेनं पाघळतो, तेवढं बोटाला घ्यायचं. मला विचाराल तर दिवसा खोबरेल, कारण चिकट राहत नाही, आणि रात्री व्हॅसलीन किंवा कोकम तेल, कारण ते टिकतं.

लावायचं कधी, हे काय लावायचं यापेक्षा महत्त्वाचं. हात धुतले, टिपले, थोडे ओलसर असतानाच. आत गेलेलं पाणी तेलाखाली धरून ठेवायचं असतं. पूर्ण वाळलेल्या हाताला तेल चोळलं तर नुसती चकाकी येते. प्रत्येक नखाला एक थेंब, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं कडेकडेनं फिरवायचा. आठवड्यातून एखादवेळी आंघोळीनंतर पंच्याच्या टोकानं ती बुडाची कडा अलगद मागं सारा. सारायची, खरवडायची नाही.

भांड्यांना रबरी हातमोजे वापरा. आत घाम येतो आणि घामही ओलच की, म्हणून आधी सुती पातळ मोजे घाला, आणि पंधरा-वीस मिनिटांनी काढून हात वाळवा. हातमोज्याला भोक पडलं असेल तर तो टाकून द्या. भोकाचा मोजा नसलेल्यापेक्षा वाईट, साबणाचं पाणी आत कोंडून ठेवतो. सॅनिटायझर आणि नेलपॉलिश काढायचं पाणीही कातडी कोरडी करतं, तेव्हा त्यानंतरही तेल.

लसूण आणि तिखट

सव्वा किलो लसूण सोलून झाला की माझी डाव्या हाताची तीन बोटं, अंगठा, तर्जनी आणि मधलं, सालटायची. उजवी ठीक. डॉक्टरीणबाईंनी बोटं बघूनच विचारलं, "लसूण फार सोलता का?" कांडी डाव्या हातात धरायची आणि उजव्या हातानं सोलायची, त्यामुळं रस मुरतो तो धरणाऱ्या बोटांत. लसणाच्या रसानं कातडी भाजतेसुद्धा. आता मी पाकळ्या अर्धा तास कोमट पाण्यात टाकते, साल सुटून येते. नखानं उकरायची वेळच येत नाही. आणि हे काम दोन दिवसांत वाटून करते.

तिखटाला हातमोजेच. सालपट असेल तर ते आदल्या रात्री कापून, व्हॅसलीन लावून, सकाळी पट्टी आणि वर मोजा. हातमोज्यानं चटणी नीट कालवली जात नाही असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. मी दहा वर्षं मोज्यानं कालवतेय, एकाही डब्यातून तक्रार नाही.

तरी आग लागलीच तर नुसत्या पाण्याखाली हात धरून उपयोग नाही. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. आधी गोडंतेल चोळा, कागदानं पुसून घ्या, मग भांड्यांच्या साबणानं धुवा. असं दोनदा. ताकात, दह्यात बोट बुडवलं तरी उतार पडतो, पण कातडी फाटलेली असेल तर दह्यात नको. डोळ्यांना हात लावू नका हे सांगायला नको, तरी दरवर्षी घरात कुणीतरी लावतंच.

चटणीच्या दिवसांतच जोतिबाची चैत्र यात्रा येते. डोंगरावरून आलं की नखांच्या कडेत गुलाल आठवडाभर बसलेला. तो पिनेनं उकरत बसू नका. निघण्याआधी नखांच्या कडांना तेल लावून जा, गुलाल वरच राहतो, साबणानं निघतो. पार्लरमध्ये गेलात तर आधीच सांगा, क्यूटिकल कापू नका, फक्त मागं सारा. लग्नाच्या आठ दिवस आधी कापून घेतलेली नवरी आणि हळदीच्या दिवशी सुजलेलं बोट, हे आमच्याच घरात झालंय. आणि पोर नखं कुरतडत असेल तर त्याच्या हातावर चापट मारून ते थांबत नाही. नखं बारीक ठेवा आणि कड गुळगुळीत ठेवा. कुरतडायला टोकच सापडलं नाही की निम्मी सवय सुटते.

नखुरडं आलंच तर

पहिल्याच दिवशी, नुसती लाली आणि हुळहुळ असताना, बोट कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटं शेकवा, दिवसातून ३-४ वेळा. पाणी कोपरानं तपासा. सुजलेल्या बोटाला चटका बसला तर दुखण्यात कळायचं नाही. शेकून झाल्यावर नीट कोरडं करा. गव्हाच्या पिठाचं कढत पोटीस बांधणारे आहेत, त्यात भाजण्याची भीती जास्त, आणि आत काय चाललंय ते झाकलं जातं. सुई तापवून फोडणारेही आहेत. फोडू नका. पू कुठं आहे ते वरून वाटतं तिथंच असतं असं नाही. शिवाय नखाशेजारी पाण्यानं भरलेले बारीक फोड पुंजक्यानं आले असतील आणि आग आग होत असेल तर ते विषाणूचं दुखणं असू शकतं, ते फोडलं तर वाढतंच.

दोन दिवस शेकून उतार नाही, पू दिसतोय, ठणक्यानं झोप नाही, तर दवाखाना. लाली तळहाताकडं रेघेनं चढतेय, ताप आलाय किंवा बोट वाकत नाही, तर दोन दिवसही थांबू नका. घरात कुणाला साखर असेल तर त्यांनी पहिल्या दिवशीच दाखवावं. माझ्या दिरांनी चालढकल केली आणि एवढ्याशा सालपटापायी तीन आठवडे हात बांधून बसले.

मावशींचा अंगठा

आता दुसऱ्या जातीचं दुखणं. माझ्याकडं भांड्यांना मावशी येतात, आणखी तीन घरं करतात. एका पावसाळ्यात त्यांच्या अंगठ्याची नखाच्या बुडाची कातडी फुगून राहिली होती. ठणका नाही, पू नाही, नुसती जाड, तांबूस, दाबलं की दुखणारी. ती बुडाची पांढरट कडा नाहीशीच झाली होती, आणि नखावर आडव्या लाटा उठल्या होत्या. मी म्हटलं दवाखान्यात चला. "मी उद्या जातो वैनी," असं म्हणत त्यांनी आषाढ, श्रावण, भादवा काढला. औषधाच्या दुकानातून कुणीतरी सांगितलेलं मलम मात्र आणून लावत होत्या. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच.

शेवटी दसऱ्याच्या आधी मीच घेऊन गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ६ आठवड्यांच्या वर राहिलं की हे साधं नखुरडं नव्हे. दादरा गेलेला आहे, पाणी आणि साबण रोज आत जातोय, त्या ओलीत बुरशीही वस्तीला येते. इथं चिरा देऊन भागत नाही, अंगठा कोरडा ठेवणं हेच औषध, मलम त्याच्या जोडीला. आणि दुकानातून आणलेलं ते मलम बंद. त्यात तीन-तीन औषधं एकत्र असतात, एक स्टिरॉइड असतं, त्यानं वरवर सूज दबते आणि न सांगता लावत राहिलं तर कातडी पातळ होते.

कोरडं ठेवा, हे सांगायला सोपं. चार घरची भांडी घासणाऱ्या बाईनं ठेवायचं कसं? मी बाकीच्या तिन्ही घरी जाऊन आले. प्रत्येकीनं आपल्या मोरीत एक सुती आणि एक रबरी असा जोड ठेवायचा, भांड्यांना तारेच्या घासणीऐवजी दांड्याचा ब्रश आणायचा, आणि मावशी निघताना हात पुसायला कोरडा पंचा द्यायचा. दोघी लगेच कबूल झाल्या. तिसरीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग दोन जोड आणले. "मोज्यात ताट निसटतंय," अशी मावशींची कुरकुर आठवडाभर चालली. तळव्याला खरबरीत असतो तसा मोजा आणून दिला, मग नाही.

सूज महिन्या-दीड महिन्यात उतरली. नख मात्र वेळ घेतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, बुडापासून टोकापर्यंत यायला ६ महिने धरा. मावशी रोज येऊन अंगठा दाखवायच्या, आज लाट कुठवर सरकली. संक्रांतीला ती मध्यावर होती. पाडव्याच्या आदल्या दिवशी भांडी झाल्यावर त्यांनी माझाच नेलकटर मागितला, स्पिरिटनं पुसून घेतला, आणि लाटेचा शेवटचा तुकडा कापला. केरात टाकायच्या आधी तो तळहातावर घेऊन मला दाखवायला आल्या.